सूतभर जागा

दाभोळ,
१७ मार्च २०२४

ती. बाबांस सा. न. वि. वि.,

पत्र का लिहिते आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. परवा मी फोनवर पाच वेळा होडी म्हणाले आणि तुम्ही वीस मिनिटं विहिरींच्या खोलीवर बोललात. कानाचं यंत्र डबीत ठेवलं की ते डबीलाच ऐकू येतं, हे आईचं म्हणणं मला पटतं. तेव्हा आता कागदावर.

तर होडी. तिचं नाव टिटवी. चाळीस वर्षांची, शिडाची, अठ्ठावीस फुटी. भाटकर तात्यांची आहे. हे निवृत्त बोटवाले गृहस्थ दोन वर्षांपासून मला शीड हाकायला शिकवताहेत, हे मी तुम्हाला सांगितलं होतं (तेव्हाही विहिरीच झाल्या असतील). त्यांचे गुडघे गेले. होडी ते मला देताहेत, पण एका अटीवर. आतली खोली सडली आहे. नारळी पौर्णिमेला ते स्वतः आत बसणार, वरून तासभर पाणी ओतायला लावणार. आत एक थेंब दिसला किंवा कुठे ओल लागली, तर होडी तोडायला देणार. सडकी होडी मी दुसऱ्याच्या पोरीच्या हातात देऊन समुद्रात सोडणार नाही, असं ते म्हणाले.

खोली म्हणजे आपल्या स्वयंपाकघराएवढी. दोन बाकं, एक शेगडी, एक कपाट, आणि भिंतींना चार-चार बोटं रुंदीच्या सागवानी पट्ट्या, एकीला एक खेटून. उजव्या बाजूच्या पट्ट्या काळ्या पडल्या आहेत. नखाने दाबलं तर चहात बुडवलेल्या टोस्टसारख्या दबतात. पण गंमत ही, की जिथे सडलं आहे तिथे बाहेरून छिद्र नाही. तात्या चाळीस वर्षं तिथल्या खिडकीवर संशय घेत आले. खिडकी तीनदा बदलली, ओल तशीच. पाणी येतं कुठून, हेच कळत नाही.

शाळेतल्या माझ्या मुलींना मी भरती-ओहोटी फळ्यावर शिकवते. खिडकीतून खाडी दिसते आणि मी खडूने बाण काढते. मला त्यांना टिटवीत बसवून शिकवायचं आहे. नव्या पट्ट्या करून द्याल का, असं आपल्या नानाजी सुतारांना विचाराल का? जुनं सागवान आपल्याकडेच मिळेल.

आईला सांगा, मी पोहायला पक्की शिकले आहे. उत्तराची वाट खाडीच्या काठावर बसून बघते आहे.

तुमची
प्राची

---

घाटंजी,
२७ मार्च २०२४

चि. प्राचीस अ. आ.,

ज्या जिल्ह्यात मी चाळीस वर्षं पाणी पाणी म्हणत घसा फोडला, त्या जिल्ह्यातली माझी मुलगी मला लिहिते की पाणी फार झालं, त्याचं काय करू! वाचून मी हसलो आणि नंतर तासभर चिडलो. शिडाची होडी हा रिकामटेकड्यांचा शौक आहे, हे माझं मत मी मागे घेत नाही. मात्र ज्या मुलींच्या खिडकीत समुद्र आहे त्यांना तो खडूने शिकवावा लागतो, हा त्याहून मोठा गुन्हा आहे. तेव्हा शौक माफ. आणि सडणं तर मी कुठेच खपवून घेतलेलं नाही, ना सभेत, ना संस्थेत, ना लाकडात.

आता माझे प्रश्न. पहिला: ते पाणी गोडं आहे की खारं? तू चाखून पाहिलंस का? चाळीस वर्षांत कुणीच जिभेवर घेतलं नाही? खारं असेल तर समुद्र खालून येतो आहे, गोडं असेल तर आभाळ वरून. शत्रू कोण हे आधी ठरव, मोर्चा नंतर काढ.

दुसरा: ओल दिसते तिथेच पाणी शिरतं, असं तुला कोणी सांगितलं? आपल्या जुन्या कवेलूच्या घरात भिंतीतल्या देवळीवर ठिबकायचं. आम्ही दोन पावसाळे देवळीवरची कवेलं बदलली. तिसऱ्या वर्षी कळलं की फुटकं कवेलू चार हात वर होतं आणि पाणी छपराच्या लाकडी फाट्याच्या खालच्या अंगाने चालत येऊन देवळीवर उडी घ्यायचं. पाणी म्हणजे बेरकी पुढारी, बेटा. उभं एका गावात राहतं आणि घर दुसऱ्याच गावात बांधतं.

नानाजींकडे जाऊन आलो. त्यांनी आयुष्यात बैलबंड्या केल्या, दारं केली, पाळणे केले, होडी पाहिलेली नाही. ऐकल्यावर रंधा खाली ठेवून बराच वेळ विचार करत बसले. हो म्हणाले असावेत. त्यांच्या तोंडात कायम खिळे असतात, त्यामुळे त्यांचे ओठ मला वाचता येत नाहीत. जुन्या पट्ट्या काढून, क्रमांक घालून पाठव.

तुझ्या टिटवीचं नाव मला आवडलं. टिटवीही समुद्र आटवते, असं आपले जुने लोक म्हणायचे. बघू.

आशीर्वाद नेहमीचेच, पण या खेपेस जरा काळजीत भिजलेले.

नीळकंठ

ता. क. प्राची, मी आई. नानाजी हो म्हणालेत, मी विचारून आले. आणि सडकं पाणी चाखायला सांगणारा बाप तुलाच मिळाला आहे. चाखलंस तर लगेच चूळ भर.
रजनी

---

दाभोळ,
११ एप्रिल २०२४

ती. बाबांस व आईस सा. न.,

चाखलं. गोडं आहे!

खरं तर आधी लाकडाची चव आली, मग बुरशीची, मग बराच वेळ कशाचीच नाही. पण मीठ नाही. मी ओरडतच बाहेर आले. तात्यांनीही बोट बुडवून चाखलं आणि डोक्यावरची टोपी काढून नुसती हातात धरून बसले. खिडकीवाटे समुद्र शिरतो, हा चाळीस वर्षांचा आळ त्या एका बोटाने फिटला.

मग तुमचं कवेलू. मी बादलीत कपड्यांची नीळ कालवली आणि डेकवर एकेका जागी तांब्याने ओतत गेले. तात्या आत विजेरी घेऊन. खिडकीवर ओतलं, काही नाही. झाकणापाशी ओतलं, काही नाही. डोलकाठीला दोन्ही अंगांनी तारांनी ताणून धरलेलं असतं. त्या तारा एका पोलादी पट्टीला बांधतात आणि ती पट्टी डेकमधून आत उतरते. तिच्यापाशी ओतलं आणि मोजून सात मिनिटांनी तात्या आतून ओरडले की निळं आलं, निळं आलं. ती पट्टी सडलेल्या जागेपासून साडेतीन हात पुढे आहे! पाणी तिथे शिरतं, पट्ट्यांच्या मागे आडव्या फळीवरून चालत येतं आणि खिडकीखाली उतरतं. बेरकी पुढारीच.

पोलादी पट्टी काढली, भोक साफ केलं, नवा मसाला भरून घट्ट बसवली. पुन्हा नीळ ओतली. अर्धा तास. काही नाही. माझे हात अजून निळे आहेत, मुली म्हणतात बाई कृष्ण झाल्या.

अठ्ठावीस पट्ट्या पोत्यात बांधून ट्रॅव्हल्सने यवतमाळला पाठवते आहे. प्रत्येकीच्या पाठीवर क्रमांक आहे. नानाजींना सांगा, एकीची लांबी दुसरीसारखी नाही आणि एकातही काटकोन नाही. त्यांनी वैतागू नये.

तुमच्या प्रश्नांची ऋणी आणि तुमचीच,
प्राची

---

घाटंजी,
१० मे २०२४

चि. प्राचीस अ. आ.,

पोतं पोचलं आणि आमच्या अंगणात जे घडलं ते तू पाहायला हवं होतंस. नानाजींनी पट्ट्या ओळीने जमिनीवर मांडल्या. काहीच उमगेना. कोणती वर, कोणती खाली, कड तिरपी का, एक दीड हात आणि दुसरी दोन हात का. दोन दिवस ते त्यांच्याभोवती फिरत राहिले, मी त्यांच्याभोवती. तिसऱ्या दिवशी त्यांनी चार बांबू रोवले, दोर ताणले आणि पट्ट्या क्रमांकाने दोराला उभ्या बांधत गेले. विसावी बांधली आणि आम्ही दोघेही मागे सरकलो. अंगणात होडीचं पोट उभं राहिलं होतं! बाहेरची होडी नाही, नुसती आतली बाजू. जसा अंगरखा काढून ठेवावा आणि त्यात माणसाची पाठ दिसावी.

मग गाव लोटलं. बाजाराच्या दिवशी तर पारवा गावापासूनची माणसं आली. शेजारच्या मैनाबाई आत बसून पाहून गेल्या आणि चूल कुठी मांडतेत, धूर कुठून जाते, हे विचारत होत्या. गल्लीतल्या बापूजींनी ठरवलं की ही अर्धी धान्याची कणगीच आहे. त्यांच्या गोठ्याच्या माळ्यावर साठ वर्षांचं सागाचं नाट, आख्खी तुळईच, पडून होतं, ते त्यांनी आपणहून आणून टाकलं. समुद्रात आपलंबी लाकूड जाऊ द्या, म्हणाले. तुझी आई दुपारचा चहा त्या अर्ध्या होडीत बसून घेते. मला आत घेत नाही.

पारा चव्वेचाळीसवर आहे. या उन्हात नाट चिरलं, तापवलं, सुकवलं, घासलं. लाकूड इतकं कोरडं की टिचकी मारली तर घुंगरासारखं वाजतं, असं आई सांगते. आता एक महत्त्वाची गोष्ट. नानाजी दोन पट्ट्यांमध्ये फट ठेवू पाहत होते. मी त्यांना थांबवलं. मी म्हणालो, नानाजी, हे घराचं दार नाही, समोर समुद्र आहे. जगात जे जे बुडालं ते आधी फटीतून बुडालं. गड फटीतून पडले, चळवळी फटीतून फुटल्या. केसाएवढी जागा ठेवली तरी ती शरणागती आहे. जमलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला दिसल्या.

आता सांधा असा आहे की पोस्टकार्डसुद्धा शिरत नाही. मी स्वतः घालून पाहिलं. उद्या पाठवतो आहे. बसव, आणि तुझ्या तात्यांना सांग, ओता म्हणावं पाणी.

अभिमानाने, आणि तुला न दाखवता येणाऱ्या मायेने,
नीळकंठ

ता. क. नानाजी दोन दिवस काही तरी सांगत होते. पण टाळ्या वाजल्यावर या माणसापुढे कोण बोलणार. पट्ट्या मात्र सुंदर झाल्या आहेत. पंधरा नंबरचीला मी हळूच हळद-कुंकू लावलं आहे, पुसू नको.
रजनी

---

दाभोळ,
२ जून २०२४

ती. बाबांस सा. न.,

आज अठ्ठाविसावी बसली. एक तासणी नाही, एक ठोका जास्तीचा नाही. ज्या माणसाने होडी पाहिलेली नाही त्याने अंगणात बसून ती बेतली आणि ती पहिल्या घालण्यात अंगाबरोबर बसली! तात्या भिंतीवरून हात फिरवत राहिले आणि म्हणाले की एवढं गच्च काम मी बंदरातही पाहिलं नाही. बोलताना त्यांचा चेहरा जरा विचारात पडल्यासारखा वाटला, पण ते तसेच आहेत.

आता चार-पाच दिवसांत पाऊस लागेल. टिटवी काठावर लाकडी ठोकळ्यांवर उभी आहे, तिच्यावर ताडपत्री बांधली, झाकण लावलं, कुलूप घातलं. मी महिनाभर रत्नागिरीला शिक्षकांच्या प्रशिक्षणाला जाते आहे. परतले की उघडेन.

नानाजींच्या हातांना माझा नमस्कार सांगा.

प्राची

---

दाभोळ,
४ जुलै २०२४

ती. बाबा,

नमस्कार. आज लांब लिहवत नाही.

काल कुलूप काढलं. झाकण उघडेना, आतून काही तरी रेटत होतं. तात्यांनी पहार घातली. आत भिंत राहिलेली नाही. पट्ट्या मधोमध पापडासारख्या फुगून पुढे आल्या आहेत. मळसूत्री खिळे लाकडातून उपटून निघाले. कपाटाचं दार असं आवळलं आहे की जन्मात उघडणार नाही. पंधरा नंबरची उभी फुटली आहे, आईच्या कुंकवापासून खालपर्यंत.

आणि पाणी नाही, बाबा. थेंब नाही. मी चाखायला बोट फिरवलं, बोट कोरडं. नीळ ओतली, निळं आलं नाही. ताडपत्री जागच्या जागी. छत सुकं, जमीन सुकी. पाणी कुठूनच आलं नाही आणि तरी सगळं पाण्याने मोडावं तसं मोडलं आहे. हे मला समजत नाही. त्याने मी जास्त घाबरले आहे. जे शोधून काढलं होतं तेच खोटं होतं की काय?

 जाताना तात्या फक्त म्हणाले की पौर्णिमा एकोणीस ऑगस्टला आहे, आणि तोडणाऱ्याला आधी सांगून ठेवावं लागतं.

प्राची

---

घाटंजी,
१३ जुलै २०२४

चि. प्राचीस आईचे अनेक आशीर्वाद.

हे पत्र मी एकटी लिहिते आहे. फोन केला असता, पण मी फोनवर बोलायला लागले की तुझे बाबा समोर खुर्ची ओढून माझे ओठ वाचत बसतात. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांना तेवढेच वाचता येतात.

तुझं पत्र आलं. त्यांनी वाचलं, घडी घातली, पुन्हा उघडलं. जेवले नाहीत. मी पत्र उचललं आणि सरळ नानाजींकडे गेले. त्यांनी पूर्ण ऐकलं, तोंडातले खिळे काढून तळहातावर ठेवले आणि म्हणाले, बाई, मी सरले सांगतलं होतं.

तुझ्या बाबांना काय सांगितलं होतं ते ऐक. आपल्याकडे श्रावणात दारं अडकतात, तुला आठवत असेल. म्हणून दाराला ते सूतभर जागा ठेवतात. सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा. घराच्या आतल्या फळीला आपल्याकडे ती लागत नाही, तिथवर पावसाची हवा पोचत नाही. पण हे समुद्रावरचं लाकूड. त्यांचं म्हणणं होतं की लाकडाले पाणी पाजा लागत नाई, ते हवेतूनच पेते. आणि आपण ते भर मे महिन्यात, चव्वेचाळीसच्या पाऱ्यात, पापडासारखं वाळवून पाठवलं. त्याने तिथली हवा प्यायली आणि अंग भरलं. एकेक पट्टी अर्ध्या सुताने वाढली असेल, पण अठ्ठावीस अर्धी सुतं एकत्र आली तर दोन बोटं होतात. जायला जागा नाही, मग ते पुढे आलं. म्हणजे तुझा शोध खोटा नव्हता, बाळा. तुझं छत कोरडंच आहे. पाणी आलं ते आम्ही पाठवलेल्या लाकडाच्या तहानेतून.

मी विचारलं, मग ठेवली काहून नाही जागा? ते म्हणाले, सर म्हणाले फट म्हणजे शरणागती. लोकं टाळ्या पिटून राह्यले. मी तीनदा बोललो. सरले ऐकू नाई आलं. चौथ्यांदा मीच म्हटलं, जाऊ दे, शिकलेला माणूस आहे, समुद्राचं पुस्तकात वाचलं असन.

हे सगळं मी घरी येऊन तुझ्या बाबांपुढे कागदावर लिहून ठेवलं. त्यांनी डबी उघडली, यंत्र कानात घातलं आणि निघाले. मी मागून गेले. बाजाराचा दिवस, नानाजींच्या दुकानासमोर रहदारी. हा माणूस तिथे रस्त्यात उभा राहिला आणि सभेच्या आवाजात म्हणाला की होडी मोडली ती माझ्या भाषणाने मोडली. नानाजींनी जागा मागितली होती, मी दिली नाही. ती भिंत समुद्र अडवायला नव्हतीच, समुद्र बाहेरच्या सालीने अडवला होता. आतल्या लाकडाला नुसतं राहायचं होतं, आणि मी त्यालाही मोर्चात उभं केलं. एवढं बोलून थांबले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मैनाबाई भाजीची पिशवी घेऊन उभ्या होत्या, त्या म्हणाल्या, सर पहिल्यांदा लवकर संपले. हे त्यांना ऐकू आलं, आणि ते हसले.

आता कामाचं. नानाजी रंधा, करवत आणि दोन पटाशा घेऊन पुढच्या शनिवारी निघतात. चिपळूणच्या गाडीला उतरवून घे. बाबाही निघाले होते. नानाजींनी हात जोडून सांगितलं की सर, तुमी नंतर या, मले आधी लाकडाचं ऐकू द्या.

काम पार पडो, न पडो, तू जेवत जा. इकडे दोघंही तुझ्याच वाटेकडे कान लावून आहोत, यंत्रासकट.

तुझी आई

---

दाभोळ,
२० ऑगस्ट २०२४

आदरणीय सरांस आन् बाईंस नानाजीचा रामराम.

मी सातवी शिकलो, चुकभूल पोटात घाला. प्राचीबाई म्हने मी लिहून देते, मी म्हटलं नाई, सरले माह्याच हातचं जाऊ द्या.

पह्यले समुद्राचं सांगतो. लय मोठा आहे. पन मले नवल त्याच्या मोठेपनाचं नाई वाटलं. नवल हे, का तो दिवसातून दोनदा येते आन् दोनदा जाते. पह्यल्या दिवशी सकाळी पाह्यलं तं खाडीत पानी, दुपारी पाह्यलं तं चिखल. मी एकाले विचारलं, धरनाचे दरवाजे कोन उघडते? तो हासला. प्राचीबाईनं शाळेतल्या पोरीसारखं मले चंद्राचं समजावलं. समजलं. तरी मी रोज पाहाले जातो, का वेळेवर येते का नाई.

आता कामाचं. सगळ्या पट्ट्या काढल्या. लगेच रंधा नाई मारला. होडीतच आडव्या टाकून ठेवल्या, पंधरा दिवस. म्हटलं पेऊन घ्या बापा किती हवा प्याची ते. रोज फूटपट्टी लावून पाहो. बाराव्या दिवशी वाढनं थांबलं. मंग एकेक घासली, दर दोघींत सुताची जागा सोडली. वरतं-खालतं हवा खेळाले खाचा ठेवल्या. भाटकर तात्या जवळ बसून पाहेत. तिसऱ्या दिवशी म्हने, मले बसवल्या तवाच वाटलं होतं हे लय गच्च आहे, पन एवढं सुंदर काम, बोलवलं नाई. मी म्हटलं, तुमी बी आमच्यातलेच.

पंधरा नंबरची फुटली होती. तिचं लाकूड मी संगं आनलं नाई. तिथी जागा खालीच, रिकामी ठेवली.

काल पौर्निमा. गावातले लोक समुद्राले नारळ देऊन आले आन् मंग सारे होडीपाशी. तात्या आत बसले, मी आन् प्राचीबाई बी. वरतून दोन गडी घागरीनं पानी ओतून राह्यले. एक तास. सर, असं वाटे का आपन ढोलात बसलो आन् वरतून कोनी वाजवून राह्यलं. प्राचीबाईचा चेहरा मले पाह्यवत नव्हता. तात्या विजेरी घेऊन एकेक पट्टी पाहेत, बोट फिरवत, बोट चाखत.  मंग ते पंधरा नंबरच्या रिकाम्या जागेपाशी आले. विचारलं हे काहून उघडं? मी म्हटलं तिथी सराच्या हातची पट्टी यायची आहे. त्यायनं त्या जागेतून पूरा हात आत घातला, खांद्यापर्यंत. भिंतीच्या पाठीमांगं चाचपलं, आडव्या फळीवर, त्या पोलादी पट्टीच्या बाजूनं पुरेल तितलं. तितून चाळीस वर्सं पानी चालत येत होतं. आपन सारं झाकलं असतं तं त्यायले वरवर सुकं दिसलं असतं, पन मनातली शंका गेली नसती. हात बाहेर काढला. कोरडा. धूळ लागली होती. ते धुळीकडे पाहत राह्यले, आन् मंग तोच हात प्राचीबाईच्या डोक्यावर ठेवला.

टिटवी तिची झाली, सर.

एक गोष्ट राह्यली. आज भरतीले होडी पान्यात सोडली तं पट्ट्या बोलतेत, बारीक कुरकुर. जागा आहे म्हनून बोलतेत. तुमाले ऐकू येनार नाई कदाचित. पन तळहात ठेवला तं समजते. मी डोळे मिटून पाह्यलं.

पंधरा नंबरचं माप मांगच्या पानावर काढलं आहे. नाटाचा तुकडा माह्या दुकानात डाव्या कोपऱ्यात आहे. मी येईपर्यंत कोनाले हात लावू देऊ नका, म्हंजे तुमी सोडून.

सेवेसी हजर,
नानाजी

---

घाटंजी,
२ सप्टेंबर २०२४

चि. प्राचीस अ. आ.,

पंधरा नंबरची मी केली. तीन वाया घालवल्या, ही चौथी. नानाजी परतल्यावर त्यांनी तिच्यावरून बोट फिरवलं, तोंडातले खिळे काढले आणि सांगितलं की दोन्ही कडांनी अर्धं-अर्धं सूत अजून काढा. काढलं. मला पहिल्या वेळीच ऐकू आलं.

गुरुवारी निघतो आहे. पट्टी पंच्यात गुंडाळून मांडीवर घेईन. शाळेत मुलींपुढे दोन शब्द बोलायला बोलावू नकोस. मला त्यांच्याबरोबर बाकावर बसून पाणी कसं येतं नि जातं ते बघायचं आहे.

आल्या आल्या पट्टी ठोकू नको. इकडे अजून ऊन आहे, पट्टी आणि मी दोघंही फार वाळलेले आहोत. आधी पंधरा दिवस तुझ्या होडीत नुसतं पडून राहू दे. मग बसव.

तुझा
बाबा

ता. क. मीही येते आहे. अंगणातल्या अर्ध्या होडीत चहा पिऊन झाला, आता पूर्ण होडीत पिईन. यांना आत घ्यायचं की नाही ते तिथे आल्यावर ठरवू.
आई